माठ, चादर आणि शेजारधर्म

प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारी तिशीतली मुलगी आहे. बँकेत नोकरी, लग्नानंतर मनीषनगरच्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहायला आली. सोळा फ्लॅटांत ख्रिस्ती घर तिचं एकटीचंच. ती लिहिते, "आंटी, आम्ही रविवारी चर्चला जातो एवढंच शेजाऱ्यांना माहीत आहे. माझा विश्वास वागण्यातून दिसावा असं फार वाटतं, पण काही करायला गेलं की 'ही धर्मप्रचार करते' म्हणतील अशी भीती वाटते. खालच्या मजल्यावरचे काका आठवड्यातून दोनदा काकूंना डायलिसिसला नेतात. गेटवर ऑटोची वाट बघत उभे असतात. मला काहीतरी करायचं आहे. पण अशा लहानसहान गोष्टींनी काय होणार, असंही मनात येतं."

सलाम बेटा. मी चौतीस वर्षं वॉर्डात नर्स होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळीतल्या चार-पाच बायकांबरोबर रुग्णांच्या भेटीला जाते. धर्मशास्त्र शिकलेली नाही. जे सांगणार आहे ते चुकत चुकत शिकलेलं आहे, म्हणून आधी माझी चूकच सांगते.

नोकरीला तीन-चार वर्षं झाली असतील. डिसेंबरचा महिना होता आणि नागपूरची थंडी कशी असते ते तुला माहीत आहे. वॉर्डात गडचिरोलीकडून आलेली एक बाई होती. तिच्या सात-आठ वर्षांच्या मुलाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार होता. थंडी लागली की या मुलांच्या हातापायांत, पाठीत असह्य दुखतं, त्यामुळे ऊब हा त्यांच्या औषधाचाच भाग असतो. पोराला वॉर्डाचं ब्लँकेट मिळालं होतं, आई मात्र पलंगाशेजारी फरशीवर लुगड्याचा पदर पांघरून झोपायची. मी घरून एक जाड सोलापुरी चादर आणली. घडीत शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका ठेवली आणि ती घडी तिच्या हातात दिली. मनातून मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर माझ्या टेबलावर होती. घडी तशीच, पुस्तिकाही तशीच. बाई म्हणाली, "सिस्टर, आमाले आमचा देव सोडाचा नाही. हे तुमचं तुमी ठेवा." रागावली नव्हती ती, घाबरली होती. आपलं लेकरू ज्या बाईच्या हातात आहे तिला नाही म्हणताना आपण काय गमावतो आहोत, याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्या रात्री ती थंडीत झोपली होती, आणि माझ्यामुळे झोपली होती.

आमच्या वॉर्ड सिस्टर ख्रिस्तीच होत्या. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी पुस्तिका काढून माझ्या पर्समध्ये ठेवली, चादर धुवायला पाठवली, तिच्यावर वॉर्डाचा शिक्का मारून घेतला आणि संध्याकाळी इतर चादरींबरोबर वाटायला ठेवली. "नातेवाइकांसाठी वॉर्डाकडून," असं आयाबाईने सांगितलं आणि बाईने ती घेतली. रात्रपाळीत मी पाहिलं, ती डोक्यावरून पांघरून गाढ झोपली होती.

तो शिक्का मी पुढे कधी विसरले नाही. चादर तीच होती, देणारीही तीच होती. फक्त आता ती घेणाऱ्या बाईवर काही देणं लागत नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे: माणूस मोकळा राहील अशा रीतीने त्याच्यासाठी काही कर. आपला विश्वास दिसतो की नाही, ही काळजी त्या प्रसंगापुरती खाली ठेव.

तू म्हणशील, मग "तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या" असं प्रभूने म्हटलंय त्याचं काय? ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात आहे. आणि पुढच्याच, सहाव्या अध्यायात तोच प्रभू म्हणतो की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. दोन्ही एकाच डोंगरावरच्या एकाच प्रवचनात. मी बरीच वर्षं या दोन वचनांत अडकले होते. आता मला असं दिसतं की पाचव्या अध्यायातली कृत्यं पाहून लोक स्वर्गातल्या पित्याचा गौरव करतात, करणाऱ्याचा नाही. दिवा दिसतो तो खोलीतल्या वस्तू दिसाव्यात म्हणून. खोलीत येऊन सगळे दिव्याकडेच बघत बसले तर डोळे दिपतील आणि खोली अंधारीच राहील. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला परत आला तो एकच, आठवतंय? प्रभूने विचारलं जरूर, की बाकीचे नऊ कुठे आहेत. पण त्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं नाही. परत न येणाऱ्यालाही पुरेपूर देणं हीच आपली रीत. एवढं पाळलं की "आमिष" या शब्दाला जागाच उरत नाही, कारण आमिषाला गळ लागतो.

दुसरी गोष्ट, आपल्या मराठीतच एक सुंदर शब्द तयार आहे, शेजारधर्म. शब्दातच धर्म आहे बघ. आणि नव्या करारात एका शास्त्र्याने येशूला प्रश्न विचारला तोही हाच: माझा शेजारी कोण? उत्तरादाखल आली ती शोमरोन्याची गोष्ट. लहानपणापासून रविवारच्या शाळेत ती आपण इतक्यांदा ऐकलेली असते की तिच्यातलं बारीक दिसत नाही. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस पडला होता. शोमरोनी माणसाने त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे उतारशाळेवाल्याला दिले आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला. मग तो आपल्या कामाला निघून गेला. आपलं नाव सांगितल्याचं गोष्टीत नाही, उपदेश केल्याचंही नाही. आणि ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने तो परधर्मीच होता. प्रभूने आदर्श म्हणून आपल्या मंडळीतला माणूस उभा केला नाही, बाहेरचा केला. म्हणजे तुझ्या स्कीममधली पंधरा घरं आधीपासून शेजारधर्म जाणतात हे धरून चाल. चांगुलपणा घेऊन आपण पहिल्यांदा तिथे चाललो आहोत असं मनात ठेवलं तर चालण्यातही तो ताठा दिसतो.

नागपुरात तर हे अगदी खरं आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा रस्त्यांवर अन्न आणि पाणी वाटणारे किती असतात ते बघ. ताजबागेत उरुसाला बघ. रामनवमीच्या शोभायात्रेत जागोजागी सरबत मिळतं. या शहराला ख्रिस्ती माणूस ठाऊक आहे तो मुख्यतः संस्थांमधून. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे, सीताबर्डीवरचा मिशनचा दवाखाना आहे. त्या लोकांनी मोठी कामं केली. पण शाळेतली सिस्टर आणि दवाखान्यातली नर्स लोकांना माहीत असते, शेजारची ख्रिस्ती बाई माहीत नसते. ती जागा तुझी आहे, आणि तिला इमारत लागत नाही.

आता करायचं काय. पाण्यापासून सुरुवात कर, कारण प्रभूनेच गार पाण्याच्या पेल्याचं नाव घेऊन सांगितलंय की त्याचं प्रतिफळ बुडत नाही. यरुशलेमेत त्या पेल्याची किंमत काय होती मला ठाऊक नाही, पण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तिची किंमत कळते. गेटजवळ एक माठ ठेव. ऐकायला सोपं आहे, पण निगा नसेल तर तो माठ नसलेला बरा. सावलीत, तिवईवर, झाकण घट्ट बसेल असा हवा. पेला आत बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं हवं किंवा नळ लावलेला माठ घे. रोज पाणी बदलायचं, दोन-तीन दिवसांनी आतून घासायचा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडा करायचा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतील. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचार. शक्य असेल तर "आपण सगळे मिळून ठेवू" असंच म्हण. वचनाची पाटी लावू नकोस. तहानलेल्या माणसाला वाचायला उभं करू नये.

डिलिव्हरीवाली मुलं भर दुपारी चार मजले चढून येतात. दार उघडताना हातात पाण्याची बाटली असू दे. घाम फार गेलेला दिसला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचाच चमचा, एवढं प्रमाण लक्षात ठेव. गेटवर कोणी भोवळ येऊन पडला, अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध झालं, तर त्याला सावलीत घे, कपडे सैल कर, मानेवर, काखेत, जांघेत ओलं कापड ठेव, वारा घाल आणि १०८ ला फोन कर. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नकोस. ते फुप्फुसात जातं. घाबरलेल्या लोकांनी प्रेमाने पाणी पाजून केलेली हानी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

घंटागाडीवरच्या माणसाचं नाव तुला माहीत आहे का? विचारून घे. आणि घरात काच फुटली की ती जाड कागदात गुंडाळून, बांधून, वेगळी त्याच्या हातात दे, "काच आहे दादा" असं सांगून. ब्लेड, सुया, इन्सुलिनच्या सिरिंजा झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत भरून ठेव. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल पेनाने खूण कर. हे मी इतकं तपशिलाने सांगते आहे, कारण कचऱ्यातल्या सुया टोचलेले हात घेऊन सफाई कामगार आमच्याकडे यायचे, आणि सुई कोणाच्या घरची ते त्यांना कधीच कळायचं नाही. हे काम तू वर्षभर केलंस तरी कोणी तुझा विश्वास पाहणार नाही. एका माणसाचे हात मात्र शाबूत राहतील.

बँकेबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझे दिवसातले आठ-नऊ तास तिथे जातात. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, मशीन घेत नाही, आणि मग जिवंत माणूस काउंटरवर आपण जिवंत आहोत हे सिद्ध करत उभा राहतो. अशा वेळी त्याला आधी खुर्ची दे. ठसा लागत नसेल तर मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही दाखला होतो, तो कसा ते दाखवून दे. फॉर्म परत करावा लागला तर त्यात काय राहिलंय ते एकाच वेळी सगळं कागदावर लिहून दे, म्हणजे त्यांना तीनदा यावं लागणार नाही. याला कोणी दयाधर्म म्हणत नाही, कामच म्हणतात. पण काम नीट न करता संध्याकाळी केक वाटणाऱ्या ख्रिस्ती माणसाची साक्ष मला पोकळ वाटते. हे मी माझ्याबरोबर काम केलेल्यांना पाहूनच म्हणते.

आता दवाखान्याकडे वळते, माझा जीव तिथेच रमतो. नागपूर म्हणजे सगळ्या विदर्भाचा दवाखाना. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाचे लोक येतात, पलीकडून बालाघाट, छिंदवाड्याचेही येतात. रुग्णाकडे डॉक्टर आहे, नर्स आहे. त्याच्यासोबत आलेल्या माणसाकडे कोणी नसतं. ती बाई पलंग सोडून आंघोळीला जाऊ शकत नाही, कारण तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले तर काय, ही धास्ती. जेवते ती उभ्याउभ्या. आम्ही बायका फळं घेऊन जायचो, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "बाई, केळं राहू द्या, तुमी घंटाभर इथं बसता का? मी डोक्यावरून पाणी घेऊन येतो." सहा दिवस तिने अंगावर पाणी घेतलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही फळांच्या पिशवीऐवजी वेळ घेऊन जातो. बरोबर साबण, टॉवेल, मोबाइलचा चार्जर, झेरॉक्ससाठी सुटे पैसे आणि पेन. "मी दोन तास बसते, तुम्ही आंघोळ करून, जेवून, जरा पाठ टेकवून या," हे वाक्य पाठ करून ठेव. आणि बसल्यावर खरंच तिथेच बस, मोबाइलमध्ये डोकं घालू नकोस. सलाईन संपत आलं, रुग्णाला थंडी वाजली, श्वास वेगळा वाटला तर सिस्टरला सांग. स्वतः हात लावू नकोस.

नुसतं भेटायला गेलीस तर दहा मिनिटं पुरे. पलंगावर बसू नकोस. "डॉक्टर काय म्हणाले?" हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी वीस जणांना उत्तर दिलेला प्रश्न असतो. आपल्या मावसभावाला हेच झालं होतं आणि त्याचं काय झालं, हे तर कृपा करून कोणालाही सांगू नकोस. नव्या करारात माझी एक आवडती जागा आहे. याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मेलेली मुलगी प्रभूच्या शब्दाने उठून चालायला लागली, सगळे थक्क होऊन उभे आहेत, आणि प्रभू काय म्हणतो, तर तिला काहीतरी खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर त्या पोरीला भूक लागली असेल हे एकट्याच्याच लक्षात आलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी हे वाक्य धरून चालले.

रक्तदान करत असशील तर उत्तम, नसशील तर सुरू कर. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना, अपघातातल्यांना, बाळंतपणात रक्त गेलेल्यांना ते लागतंच. वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ हवं. बायकांनी ४ महिन्यांनी, पुरुषांनी ३ महिन्यांनी देता येतं. आणि त्या पिशवीवर तुझं नाव नसतं. घेणाऱ्या लेकराच्या आईला तू कोण, कोणत्या देवाची, काही कळत नाही. वॉर्ड सिस्टरांच्या त्या शिक्क्यासारखंच.

प्रार्थनेविषयी माझं मत कडक आहे. विचारल्याशिवाय कोणासाठी मोठ्याने प्रार्थना करू नये. मनात कितीही कर, त्याला परवानगी लागत नाही. आणि ज्याचं औषधपाणी, कर्ज किंवा नोकरी तुझ्या हातात आहे, त्याला तर तू विचारूही नकोस, कारण त्याचं "हो" मोकळं नसतं. बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला तू देवाबद्दल बोलू लागलीस तर तो मान हलवणारच. त्या मान हलवण्याला काही किंमत नाही. बरोबरीच्या नात्यात, दुःखाच्या वेळी, "मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" असं विचारायला हरकत नाही, आणि "नको" आलं तर चहा टाकायचा. केलीस तर दोन-तीन वाक्यांची कर. बरं वाटेलच, असं वचन देवाच्या वतीने देऊ नकोस. मी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांतले कितीतरी गेले.

आणि कोणी आपणहून विचारलं, की तू हे का करतेस? प्रभूचा शिष्य पेत्र लिहितो की उत्तर द्यायला सिद्ध असा, पण सौम्यतेने. तेव्हा लपवू नकोस. लपवणं म्हणजे समोरच्याशी खोटं वागणं आहे. माझं उत्तर असं असतं: "माझ्यावर प्रभू येशूने फार माया केली, ती माझ्याच्याने उरवून ठेवता येत नाही." एवढं म्हणून मी थांबते. पुढे त्यांनी विचारलं तर बोलते.

याबाबतीत मला नागपूरच्याच रुळांवरची एक गोष्ट आठवते. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. तो त्यांच्याशी सौजन्याने वागला, त्यांच्याशी संस्कृत काव्यावर बोलला आणि जाताना नवा करार वाचायला दिला. १८९५ मध्ये टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी लिहिलेली भजनं आपण आजही उपासनेत गातो. आपल्या लोकांत ही गोष्ट सांगताना भर असतो तो पुस्तकावर. मला मात्र त्याआधीचं बोलणं महत्त्वाचं वाटतं. त्या काळात एका गोऱ्या माणसाने एका मराठी कवीशी त्याच्या आवडीच्या विषयावर, बरोबरीच्या नात्याने बोलावं, हीच मोठी गोष्ट होती. पुस्तक नंतर आलं, आणि ते एका मोकळ्या, विद्वान माणसाच्या हातात आलं, ज्याला ते खिडकीबाहेर टाकायची पूर्ण मुभा होती. माझ्या चादरीच्या घडीतली पुस्तिका आणि ही भेट यांत फरक आहे तो इथे.

शेजारपाजारच्या देण्याघेण्यात खाण्याचा भाग मोठा. नाताळात आपल्याकडे करंज्या, अनारसे, शंकरपाळे होतातच, ते ताट घरोघर जाऊ दे. केक देणार असशील तर बिनअंड्याचा वेगळा कर आणि तसं सांगून दे. वरच्या मजल्यावर जैन कुटुंब असेल तर विचारून घे. रिकामी वाटी परत येईल तेव्हा तीत काहीतरी असेल, ते आनंदाने घे. प्रसादाचं काय, हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना यावर बरंच लिहिलंय आणि दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: परक्याच्या घरी पुढे वाढलेलं चौकशी न करता खा, आणि कोणाच्या विवेकाला ठेच लागेल असं वागू नका. तू तुझ्या विवेकाप्रमाणे ठरव. मी दोन्ही हात पुढे करून घेते, कारण समोर वाटी घेऊन उभी असलेली बाई माझ्यावर प्रेम करते आहे. घेणार नसशील तरी तिच्या तोंडावर दार लावल्यासारखं नाकारू नकोस.

घेता येणं हे देण्याइतकंच शिकावं लागतं. एप्रिल २०२१ मध्ये आम्ही दोघंही कोविडने घरात पडलो होतो. शहरात ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती. शेजारच्या वहिनींनी रोज दोन वेळा गेटच्या कडीला डबा अडकवला, चौदा दिवस. त्या घरी रोज सकाळी दत्ताची आरती होते. पहिले दोन दिवस मला फार संकोच वाटला. आजवर देत आले होते, घ्यायची वेळ कधी आली नव्हती. मग एका सकाळी डबा उघडला तर वरणभातावर लिंबाची फोड आणि कोपऱ्यात चिमूटभर मीठ वेगळं ठेवलेलं होतं, तोंडाला चव नसेल म्हणून. मला रडू आलं. उतारशाळेत नेलेला माणूस मी होते. त्या वहिनींकडे मी आज हक्काने साखर मागायला जाते, आणि त्या माझ्याकडे. खरं सांगायचं तर तू नव्या घरात आलीस तर पहिल्या आठवड्यात कोणाकडे तरी काहीतरी मागायला जा. मागणारी शेजारीण लोकांना लवकर जवळची वाटते.

सीमाही हव्यात. शोमरोनी माणूस आपला प्रवास सोडून उतारशाळेत राहिला नाही, हे मी मुद्दाम वर सांगितलं. नवऱ्याला न विचारता मोठी रक्कम उसनी देऊ नकोस. दिलीस तर परत येणार नाही हे धरून दे. भिंतीपलीकडून मारहाणीचा आवाज येत असेल तर ते डब्याने सुटणारं काम नाही, ११२ किंवा १८१ ला फोन लाव. लेकराचं काही असेल तर १०९८. आणि घरी सासूबाईंशी अबोला असताना स्कीमभर पुण्य करत फिरू नकोस. घरातल्यांना आपला विश्वास सगळ्यांत आधी दिसतो, आणि नसला तर तेही आधी दिसतं.

"लहानसहान गोष्टींनी काय होणार," असं तू लिहिलंस. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात टबीथा नावाची एक बाई आहे. ती गेली तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे पेत्राला दाखवत होत्या. तिचं एकही वाक्य कोणी लिहून ठेवलेलं नाही. तिने शिवलेले कपडे मात्र लोकांच्या अंगावर होते.

आता खालच्या मजल्यावरच्या काका-काकूंकडे येते, कारण तुझं खरं काम तिथे आहे. डायलिसिसच्या रुग्णाकडे जाताना संत्री नेऊ नकोस. नागपूरकरांचा हात आधी संत्र्याकडेच जातो, पण किडनी काम करत नसताना संत्री, केळी, नारळपाणी यांतलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाला धोका होतो. मीठ-साखरेचं पाणीही त्यांच्यासाठी नाही. पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनी मोजून दिलेलं असतं, त्यामुळे "अजून थोडं घ्या ना" असा आग्रहही नको. काकूंच्या ज्या हातात फिश्चुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शिरा जोडून केलेली जागा असेल, त्या हाताला धरून उठवू नकोस, त्यावर पिशवी अडकवू देऊ नकोस. दुसऱ्या हाताला आधार दे.

एका खेपेला साधारण चार तास लागतात, आणि घरी परत येताना त्या गळून गेलेल्या असतात. म्हणून जाण्याच्या गाडीपेक्षा परतीची गाडी महत्त्वाची. काकांना तो सगळा वेळ बाहेर बाकावर काढावा लागत असणार. म्हातारा माणूस आहे, त्याचाही बीपी असेल. तू किंवा तुझा नवरा, कोणाला कोणत्या वारी जमेल ते आधी घरात ठरवा. महिन्यातून दोनदाच जमणार असेल तर दोनदाच सांगा, पण ती दोनदा चुकवू नका. मग खाली जा. "आम्ही तुमच्यासाठी काहीतरी करू का" असं मोघम विचारलंस तर ते "नको बेटा, चाललंय" म्हणतील. त्याऐवजी सरळ सांग, "काका, शनिवारी मला सुट्टी असली की गाडी रिकामीच उभी असते, परतीला मी येते." बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा असतो, त्यांची खेप त्या दिवशी येते का ते मात्र आधी विचारून घे.